उपरण्याखालचा स्कोअर

दगूअण्णांनी मला त्यांचा मोबाइल नंबर दिला, पण तोंडाने नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा उजवा हात हातात घेतला, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि आत माझी बोटं दाबायला सुरुवात केली. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा धरून वर चार बोटं दाबली की नऊ, आणि माझी मूठ मिटवली की शून्य. नंबर पुरा होईपर्यंत चहावर साय धरली. मी म्हटलं, "अण्णा, नुसता सांगितला असता तरी चाललं असतं." तर म्हणाले, "चार लोकं बसलीत ना सर इथं." त्या लोकांत एक चहावाला होता आणि बाकी सगळी त्यांच्याच घरची माणसं होती. संध्याकाळी मी फोन लावला तो मनमाडच्या कुठल्याशा ब्युटी पार्लरला लागला. माझ्या बोटांना शिकवणीची गरज होती हे उघड होतं.

अण्णा हेडी होते. गुरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जुळवणारा माणूस म्हणजे हेडी. चांदवडकडच्या बाजारांत त्यांचा सगळा जन्म गेला. तिथली रीत अशी, की बैलाबद्दल काय वाटेल ते मोठ्याने बोलावं, त्याची चाल, त्याची शिंगं, त्याच्या आईचं दूध, सगळं. आकडा मात्र उपरण्याखाली, बोटांनी. आजूबाजूला शंभर माणसं उभी असोत, आकडा त्या दोन हातांतच राहायचा. सौदा पटला, बैलाचं दावं नव्या मालकाच्या हातात दिलं, की मगच हेडी एकदा मोठ्याने आकडा सांगणार आणि बाजूला होणार. आकडा बोलला म्हणजे त्या जनावरातून त्याचं मन निघालं.

गुडघे बोलायला लागले तसे अण्णा नाशकात मुलाकडे राहायला आले. मुलगा अंबडच्या कारखान्यात, सून शिवणकाम करणारी, नात प्रणाली आठवीत. बाजार सुटला, पण आकडे न बोलण्याची सवय काही सुटली नाही. सुनेने "भाकरी किती वाढू?" विचारलं की बोटं वर. रिक्षावाल्याला बोटं, चहावाल्याला बोटं. एकदा सर्दीसाठी डॉक्टरकडे गेले, त्या बाईंनी वय विचारलं, तर अण्णांनी उपरणं पुढे करून "हात द्या" म्हटलं. नाडी त्यांची पाहायची की आपली, हे बाईंना क्षणभर कळेना. अण्णांचं खरं वय त्या डॉक्टरबाई सोडून आजही कोणाला ठाऊक नाही.

अशा माणसाच्या हातात मी रेडिओची कॉमेंटरी दिली. कशी दिली ते सांगायला हवं.

आमच्या कॉलेजचा छोटा रेडिओ आहे. शहराच्या थोड्या भागात रेडिओवर लागतो आणि बाकी जगात मोबाइलच्या अ‍ॅपवर. मी तिथे कार्यक्रम बघतो. आमच्या संचालक मॅडमना वाचायचा नाद आहे आणि वाचलेलं लगेच करून बघायचा त्याहून मोठा. त्यांनी कुठेतरी वाचलं, की रेडिओ नवा नवा होता तेव्हा थंड देशांत बर्फावरच्या हॉकीचे सामने चालू असतानाच त्यांची कॉमेंटरी व्हायची. मैदानाच्या कडेला काचेची पेटी, पेटीत एक माणूस, त्याच्या हातात टेलिफोन, आणि दूर दूर घरात बसलेली माणसं कान देऊन ऐकतायत. मॅडमना हे चित्र फार आवडलं. आमच्याकडे बर्फ म्हणाल तर रसवंतीत. पण चाकांच्या बुटांवरची हॉकी आहे. मुलींची लीग दर रविवारी सकाळी सिमेंटच्या रिंकवर चालते. खेळणाऱ्या निम्म्या मुली चांदवड, नांदगाव, मनमाडकडच्या, इथे होस्टेलवर नाहीतर मावशी-आत्याकडे राहणाऱ्या. त्यांच्या आईवडिलांना दर रविवारी येणं जमत नाही. मॅडम म्हणाल्या, "आपण त्यांना ऐकवू. लाइव्ह."

काचेची पेटी भंगारवाल्याकडे मिळाली. जुना एसटीडी बूथ. त्याच्यावरची पिवळी अक्षरं अर्धी खरवडून निघाली, अर्धी राहिली. आत एक माणूस उभा राहावा म्हणून केलेली ती जागा, त्यात मी दोन स्टुलं घातली. टेलिफोन म्हणजे माझा मोबाइल, त्यावरून स्टुडिओला कॉल लावायचा आणि बोलत राहायचं. पहिल्या रविवारी एक आजोबा काच वाजवून झेरॉक्स काढून मिळेल का विचारून गेले.

कॉमेंटरी मीच करणार होतो. मी एरवी बरा बोलतो असा माझा समज आहे. पण समोर दहा मुली चाकांवर भिरभिरायला लागल्या आणि माझी बोबडी वळली. "आता बॉल इकडे आलेला आहे, आता तिकडे गेलेला आहे," एवढंच काय ते निघे. मधल्या शांततेत मॅडमनी लाइन तुटली का म्हणून दुसऱ्या फोनवर विचारलं. त्यात जानेवारीची सकाळ, माझ्या श्वासाने काचा आतून धुरकटल्या आणि इकडे कुठे आणि तिकडे कुठे तेही दिसेनासं झालं.

तेवढ्यात बूथचं दार उघडून एक पांढरं उपरणं आत आलं आणि काच पुसायला लागलं. उपरण्यामागे दगूअण्णा होते. नातीला सोडायला आले होते आणि बूथला टेकून माझं बोलणं ऐकत होते. काच पुसता पुसता मला समजावल्यासारखं म्हणाले, "सर, ती लांब वेणीवाली बघा. डाव्या अंगानं निघती. निघायच्या आधी मान खाली घालती, म्हणजे आता ती पळणार." आणि ती पळाली. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्टुलावर सरकून बसलो. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला निर्णय.

अण्णांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चालणाऱ्या, पळणाऱ्या, अडणाऱ्या जिवाकडे बघत त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि बघितलेलं बोलून दाखवणं हाच त्यांचा धंदा होता. मुलींच्या पाठीवर नंबर असत, पण अण्णा नंबर घेणार नाहीत हे आता तुम्हाला सांगायला नको. ते मुलींना चालीवरून ओळखत आणि तशीच ओळख सांगत. वेणीवाली, उजवा खांदा पुढं टाकणारी, पडली तरी हसणारी, गोलाजवळ आली की जीभ बाहेर काढणारी. नांदगावहून एका बाईचा फोन आला. तिने अ‍ॅपवर ऐकलं होतं. "ती जीभ काढणारी माझी मुलगी आहे, लहानपणी पाटीवर लिहितानाही काढायची," एवढं सांगून ती रडायला लागली. हसत हसत रडत होती. मीही जरा डोळे पुसले, काच पुसायच्या निमित्ताने.

कुणाला नावं ठेवणं अण्णांना जमत नसे. मुलगी आपटली तर "बसली जरा. दम खाईल आन् उठंल. चांगलं जनावर बसतंच." जनावर या शब्दावर मॅडमनी लगेच हरकत घेतली. अण्णांनी मान्य केलं आणि पुढच्या रविवारपासून सगळ्या मुलींना पाहुण्या म्हणायला लागले. "पाहुणी निघाली, पाहुणी वळली, पाहुणीनं दिला दणका." वेळ किती उरला हेही आकड्याशिवाय सांगत. "दूध उतू जाईल एवढा वेळ राहिला, मंडळी." लोकांना ते चटकन कळे.

अ‍ॅपवरचा आवाज जरा उशिराने येतो. चहावाला दगूअण्णांचीच कॉमेंटरी मोबाइलवर मोठ्याने लावून ठेवी. मग अण्णांना स्वतःचाच आवाज मागून ऐकू येई. पहिल्यांदा ते दचकले, मग वैतागले आणि मग त्या मागच्या माणसाला उत्तरं द्यायला लागले. "हां, तो मागचा गडी सांगतोय गोल होणार. अरे बाबा, झाला. तू लय उशिरा जागा होतो."

सगळं छान चाललं होतं, पण चौथ्या का पाचव्या रविवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे तक्रारींचा ढीग होता आणि सगळ्या एकाच गोष्टीच्या. सामना ऐकून डोळ्यासमोर उभा राहतो, पण कोण जिंकतंय ते शेवटपर्यंत समजत नाही. अण्णांनी एकदाही स्कोअर सांगितला नव्हता. गोल झाला की त्यांचा आवाज टिपेला जाई, गोल करणारीच्या सात पिढ्यांचं कौतुक होई, आणि आकडा मात्र उपरण्याखाली. गंमत म्हणजे इतके दिवस शेजारी बसून हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मी सामना बघतच होतो ना. मॅडमना अण्णा आवडत. पण त्या ठाम होत्या. स्कोअर नाही तर कॉमेंटरी नाही, पुढच्या रविवारी दुसरा माणूस बसेल.

मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. बाजार सुटल्यावर हा बूथ हीच त्यांची जागा होती. नाशकात त्यांना सगळे प्रणालीचे आजोबा म्हणून ओळखत, या बूथमुळे दगूअण्णा म्हणून ओळखायला लागले होते.

"सर, मी बोलाया बघतो," ते म्हणाले. "पण खेळ चालू असताना आकडा बोलला, तर तो खेळ मोडल्यासारखा वाटतो मला."

तो आठवडाभर त्यांनी घरी सराव केला. सुनेने नंतर मला सगळं सांगितलं. ती विचारी, "अण्णा, भाकरी किती?" अण्णा श्वास घेत, तोंड उघडत, ओठ हलत, आणि शेवटी हात वर जाई. एकदा मोठ्या कष्टाने "दोन" म्हणाले आणि मग त्यांना जेवणच जाईना.

रविवारी पहिला गोल झाला. अण्णांनी तो असा वर्णन केला, की बाहेर चहा पिणारी माणसं मैदान सोडून बूथकडे बघायला लागली. मग ते थांबले. आता आकडा. फोन चालू, स्टुडिओत मॅडम कान लावून बसलेल्या. अण्णांच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत. आणि एकदम त्यांनी माझा हात ओढला, उपरणं टाकलं आणि माझं एक बोट दाबलं. मग मूठ मिटवली. मी फोनकडे वाकलो आणि म्हणालो, "स्कोअर, एक-शून्य."

अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला, तो सगळ्या श्रोत्यांनी ऐकला. मग ते दुप्पट जोराने पुढे बोलायला लागले. त्या दिवसापासून मी आकडे बोलणारा माणूस झालो. त्यांनी बोटं दाबायची आणि मी सांगायचं. खरं तर मला समोर स्कोअर दिसत होता, बोटांची काहीच गरज नव्हती. पण एकदा मी बोटांच्या आधी बोललो, तर ते पुढचा अर्धा सामना माझ्याशी नीट बोलले नाहीत. सौद्यात मधे घुसल्यासारखं झालं होतं ते. मॅडम म्हणाल्या, "कसं करताय मला माहीत नाही, पण असंच चालू द्या."

मार्चच्या सुमारास अण्णांचा आवाज बसायला लागला. आधी खरखर, मग मधेच शब्द गायब. काळ्या मिरीचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं. शेवटी त्याच डॉक्टरबाईंनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. घशातल्या बोलायच्या पडद्यांना सूज आहे, ओरडणं आजच बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी सांगितलं. काळजीसारखं दुसरं काही नव्हतं, हे महत्त्वाचं. लीगची फायनल तेव्हा जवळ आली होती आणि त्यात प्रणालीचा संघ होता. प्रणाली गोलकीपर.

अण्णांना एवढंच हवं होतं, की ही फायनल आपण बोलावी. मग आवाज गेला तर गेला. मुलाने नको म्हटलं, मी नको म्हटलं, मॅडमनी तर थेट घरी जाऊन नको म्हटलं. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले आणि फायनलपर्यंत घरात मौन धरलं. सगळा आवाज रविवारसाठी शिल्लक. सुनेला पहिले काही दिवस फार बरं वाटलं. घर इतकं शांत तिने लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. मग तिला करमेना. टीव्हीवर कोणी काही बोललं की अण्णा शेरा मारायचे, तो येईना. ती मला म्हणाली, "सर, ते नुसते बघत बसतात हो. मला भीतीच वाटते. काहीतरी बोला म्हणावं, शिव्या द्या म्हणावं." तिच्या आवाजातली काळजी ऐकून मलाही चैन पडेना.

फायनलच्या दिवशी अण्णा धुतलेलं उपरणं घेऊन आले. चांदवडकडून टेम्पोभर माणसं आली होती, बाकीची अ‍ॅपवर. मॅडम स्टुडिओ सोडून रिंकवर आल्या आणि खुर्ची टाकून बूथला लागून बसल्या, बहुधा अण्णांना आवरायला. अण्णांनी "राम राम मंडळी" म्हटलं आणि तो आवाज स्वच्छ निघाला. आठवडाभर जपलेला आवाज होता तो. पहिला अर्धा खेळ त्यांनी असा सांगितला की काय सांगू. वेणीवाली निघाली, जीभवाली अडली, दोन्हीकडे गोल झाले. त्यांनी बोटं दाबली, मी म्हणालो, दोन-दोन.

दुसऱ्या अर्ध्यात आवाज गेला. वाक्याच्या मधे गेला. अण्णांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग फोन माझ्याकडे सरकवला आणि माझा हात उपरण्याखाली घेतला. मी बोलायला लागलो. आणि माझ्या लक्षात आलं, की मी "इकडे, तिकडे" म्हणत नाही आहे. "उजवा खांदा पुढं टाकणारी निघाली," मी म्हणत होतो. "पाहुणी वळली. मान खाली घातली, म्हणजे आता पळणार." इतके रविवार शेजारी बसून मी काय शिकलो ते मला त्या वेळी कळलं. अण्णा काच पुसत होते, मधूनच मान डोलावत होते. दूध उतू जाईल एवढा वेळ राहिला होता.

मग तो गोल झाला. समोरच्या संघाच्या मुलीने खालून सरळ मारला आणि बॉल प्रणालीच्या पायांमधून आत गेला. लगेच शिट्टी झाली. खेळ संपला. प्रणाली गोलात तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

मी बोटांची वाट पाहत होतो. बोटं आली नाहीत. अण्णांनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं. फोन स्वतःकडे ओढला, घसा खाकरला आणि मोठ्याने, म्हणजे त्यांच्या उरलेल्या आवाजात मोठ्याने, बोलले.

"मंडळी, तीन-दोन. शेवटचा बॉल पोरीच्या पायामधून गेला. ती माझी नात हाय, प्रणाली. लय चांगली खेळली."

मला एकदम समजलं. आकडा उघड बोलले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मोबाइलला लावलेली पॉवर बँकेची वायर उचलली, माझा हात उलगडला, ती वायर माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. बाजारात दावं असंच देतात. काचेपलीकडे मॅडमनी चष्मा काढला होता. मला रडू आलं आणि ते लाइव्ह गेलं, त्याला इलाज नाही.

आता रविवारी मी बूथमध्ये एकटा असतो. दुसरं स्टूल तसंच आहे. अण्णांचा आवाज पुष्कळ परतलाय, हळू बोलतात, पण बूथमध्ये येत नाहीत. दिलेलं दावं परत धरायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. बाहेर चहाच्या टपरीवर बसून माझी कॉमेंटरी ऐकतात, आणि मागचा गडी उशिरा जागा होतो म्हणून आता मला नावं ठेवतात.

परवाच्या रविवारी सामना संपवून मी काच पुसत होतो. समोर प्रणाली चाकांचे बूट गळ्यात अडकवून आजोबांच्या शेजारी बसली होती, काहीतरी हात हलवून सांगत होती. चहावाल्याने लांबून ओरडून विचारलं, "अण्णा, किती?" अण्णांनी आधी नातीकडे पाहिलं, मग बूथकडे, आणि तीन बोटं वर केली. मी वायर गुंडाळून खिशात टाकली आणि माझा चहा प्यायला बाहेर पडलो.